कंपनीचा डेक, बाहेरचा ॲम्प

गाडीत चांगला आवाज हवा असेल तर पूर्वी पहिलं काम ठरलेलं असायचं : कंपनीचा डेक उपसून काढायचा आणि बाहेरचा बसवायचा. मारुती 800, सँट्रो, इंडिकाच्या काळात ते सोपंही होतं. डॅशबोर्डमध्ये एक आयताकृती खाच, मागे वायरींचा जुडगा, तासाभराचं काम. नव्या गाड्यांत ती सोय उरलेली नाही. समोरचा टचस्क्रीन आता गाण्यांपुरता नसतो. रिव्हर्स कॅमेरा त्यावर दिसतो, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली असतात, काही गाड्यांत तर एसीची आणि कुलपांची सेटिंगही त्याच्याच पोटात असते. तो काढला तर डॅशबोर्डला भगदाड पडतं, आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. म्हणून सोलापूरच्या कार डेकोरच्या दुकानांत आज मागणी येते ती अशी : "डेक कंपनीचाच राहू द्या, बेस तेवढा वाढवून द्या."

मागणी रास्त आहे. सोलापूरकराची गाडी लांब पल्ल्याची असते. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या घरात, विजयपूर शंभर. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर तर चालूच असतं. एकाच गाडीत मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड गाणी लागतात, आणि चार-पाच तासांच्या प्रवासात ती नीट ऐकू यावीत असं वाटणं ही उधळपट्टी नव्हे. पण हे काम करून घेताना बहुतेकांचं सगळं लक्ष वॉटवर असतं. माझ्या मते वॉट हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. काम बिघडतं ते तीन ठिकाणी : सिग्नल कुठून घेतला, करंट कोणत्या वायरीने नेला, आणि आमच्या उन्हात ती पेटी कुठे ठेवली.

कंपनीच्या डेकात कमी काय असतं ते आधी पाहू. गाडीची वीज बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. डेकमधली आयसी एवढ्याच व्होल्टेजवर चालते. स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट हलवून ती होईल तेवढा जोर काढते, तरी चार ओमच्या स्पीकरला स्वच्छ असे पंधरा ते वीस वॉटच मिळतात. डेकच्या स्टिकरवर "50 वॉट x 4" छापलेलं असलं तरी हे गणित बदलत नाही. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींची टोकं छाटली जातात आणि कानाला खरखर लागते. बाहेरचा ॲम्प वेगळं काय करतो? तो गाडीचे बारा व्होल्ट आधी आतल्या सर्किटने वाढवून घेतो आणि त्या वाढीव व्होल्टेजवर आवाज मोठा करतो. त्याच्या किमतीचं कारण तिथे आहे.

दुसरी उणीव दरवाज्यातल्या स्पीकरची. बेस म्हणजे हवा हलवणं. 80 हर्ट्झचा सूर जितक्या जोरात वाजतो तितक्याच जोरात 40 हर्ट्झचा वाजवायचा तर स्पीकरच्या शंकूला चौपट पुढेमागे जावं लागतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर बोलते. साडेसहा इंची कागदी शंकूला तिथवर उतरणं झेपत नाही. त्यात टायरचा आणि वाऱ्याचा घरघराट नेमका खालच्या पट्टीतलाच. हायवेला गाडी ऐंशीवर गेली की डग्ग्याचा घुमारा आणि ढोलाचा ठोका त्यात बुडून जातो, वर गायकाचा आवाज आणि झांज तेवढी तरंगत राहते. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि कान दुखायला लागतात. सब-वूफरने खालची पट्टी भरून काढली तर एकूण आवाज कमी ठेवूनही गाणं पूर्ण वाटतं. या सगळ्या खटाटोपाचं माझ्या दृष्टीने मोठं समर्थन हेच.

गाडीच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. बंद केबिन लहान असते आणि खोल सुराची लहर लांब; 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची. लहर केबिनपेक्षा लांब झाली की सगळ्या केबिनमधली हवा एकदमच दाबली जाते, आणि साधारण साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली बेस आपोआप वाढत जातो. घराच्या हॉलमध्ये जे काम दोन-तीनशे वॉटला जमत नाही ते हॅचबॅकमध्ये शंभराच्या आत होतं. म्हणूनच सीटखाली बसणारा, आतच ॲम्प असलेला पसरट सब-वूफर एवढा उपयोगी ठरतो. त्याच्या पेटीवर 160 वॉट लिहिलेलं असतं, आतल्या कागदावर आरएमएस, म्हणजे सलग मिळणारा, आकडा पन्नास ते पंच्याहत्तर. आपण आतला आकडा वाचायचा. नव्वदच्या दशकातले "2000 वॉट पीएमपीओ"चे टेपरेकॉर्डर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. पीएमपीओ गेला, त्याच्या जागी "मॅक्स" आणि "पीक" आले. खरी तुलना करायची तर 2003 साली अमेरिकेत ठरलेलं सीईए-2006 हे मानक पाळणारे ॲम्प शोधावेत. त्यात 14.4 व्होल्टला, चार ओमवर, एक टक्क्याहून कमी विकृतीत मिळणारेच वॉट लिहावे लागतात.

आता सिग्नलकडे वळतो, कारण जुन्या अनुभवाचा फिटरही इथे अडतो. बाहेरच्या डेकला मागे आरसीएची भोकं असत. ॲम्पला लागणारा दुबळा, स्वच्छ सिग्नल तिथून मिळे. कंपनीच्या डेकला बहुधा ती नसतात. मिळतो तो स्पीकरकडे निघालेला, आधीच मोठा झालेला सिग्नल. तो घ्यायचे दोन मार्ग. ॲम्पमध्ये हाय-लेव्हल इनपुट असेल तर स्पीकरच्या वायरी सरळ तिथे जोडायच्या. नसेल तर मध्ये कन्व्हर्टरची डबी बसवायची, दुकानात तिला एलओसी म्हणतात. नवा ॲम्प घेत असाल तर हाय-लेव्हल इनपुटवालाच घ्यावा. एक जोड कमी म्हणजे आवाजात घोंघावा शिरायची एक जागा कमी. असे बरेच ॲम्प स्पीकरच्या वायरीवरचं व्होल्टेज ओळखून आपोआप चालू होतात, त्यामुळे रिमोटची वायर शोधत फ्यूजबॉक्स उचकावा लागत नाही. स्वस्त एलओसीत मात्र दोन्ही बाजूंची ऋण टोकं आत एकत्र बांधलेली असतात. कंपनीच्या डेकात स्पीकरचं कुठलंही टोक अर्थला नसतं. ही दोन्ही एकत्र आली की डेकची आयसी एक तर प्रोटेक्शनमध्ये जाते नाही तर कायमची जाते.

वायर कुठे जोडायची, हा पुढचा प्रश्न. गाडी लिफ्टजवळ उभी राहिली, डॅशची पट्टी खुलली, की फिटर मान वर करून विचारतो, "मालक, वायर कापू का कपलर मागवू?" या प्रश्नाचं एकच उत्तर द्यावं : कपलर. कंपनीच्या सॉकेटमध्ये तसाच्या तसा बसणारा नर-मादी कपलर मिळतो. त्याच्या मधल्या वायरींतून सिग्नल काढला जातो आणि गाडीची मूळ वायर कुठेही सोलावी लागत नाही. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्राच्या चालत्या गाड्यांचे कपलर मिळतात. सोलापुरात नसला तर पुण्याहून मागवता येतो. दोन दिवस जास्त लागतील. गाडी विकताना सगळं काढून परत पहिल्यासारखं करता येतं आणि सर्व्हिस सेंटरला बोट ठेवायला कापलेली वायर सापडत नाही. वॉरंटीच्या अटींत बाहेरच्या जोडणीमुळे झालेला विद्युत बिघाड धरला जात नाही, हे बहुतेक सगळ्याच कंपन्यांचं म्हणणं. मूळ हार्नेस अखंड असेल तर निदान आपली बाजू मांडता येते.

आणि तरीही आवाज मनासारखा येईलच असं नाही, कारण कंपनीने डेकच्या आतच काही गोष्टी करून ठेवलेल्या असतात. दरवाज्यातले स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून बरेच डेक आवाज वाढेल तसा बेस कमी करतात. कमी व्हॉल्यूमला सब छान घुमतो, हायवेवर आवाज वाढवला की बेस गळतो. ग्राहक दुकानात परत येतो, फिटर ॲम्पचा गेन वाढवून देतो, आणि मग हळू आवाजात डिकी थरथरायला लागते. इथे दोष सबचा नसतो, सिग्नलचाच असतो. यावर उपाय म्हणजे हा छाटलेला बेस ओळखून परत उभा करणारा प्रोसेसर, म्हणजे डीएसपी. अमेरिकेतल्या ऑडिओकंट्रोल आणि जेएल ऑडिओ या कंपन्यांनी नेमकं हेच करणारी उपकरणं वर्षानुवर्षं विकली आहेत. आता भारतातही डीएसपी आतच असलेले ॲम्प मिळतात. पैसे वाढतात, पण अशा डेकला दुसरा इलाज नाही. खरेदीआधी एक साधी परीक्षा करून घ्यावी : डेकची सगळी टोन सेटिंग शून्यावर ठेवून ओळखीचं ढोलाचं गाणं हळूहळू मोठं करत न्यायचं. अर्ध्याच्या पुढे ठोका वाढायचा थांबला आणि बाकी सगळं वाढत राहिलं तर डेक बेस छाटतो आहे.

कंपनीनेच मोठ्या नावाची सिस्टीम दिलेल्या गाड्यांचा मामला आणखी वेगळा. किया सेल्टॉस आणि ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलमध्ये बोसचे आठ स्पीकर, टाटा हॅरियरमध्ये जेबीएल, महिंद्रा एक्सयूव्ही 700 मध्ये सोनीचे बारा. तिथे ॲम्प आधीच असतो, ट्वीटरला वेगळा सिग्नल आणि दरवाज्याला वेगळा, आणि स्पीकर बरेचदा चार ओमपेक्षा कमी. एका जोडीवरून सिग्नल घेतला तर गाण्याचा अर्धाच भाग हाती लागतो. काही परदेशी महागड्या गाड्यांत डेकपासून ॲम्पपर्यंतचा प्रवास डिजिटल केबलवरून होतो, तिथे साधी वायर जोडून काहीच मिळत नाही. अशा गाड्यांना मी तरी हात लावू नका म्हणेन. त्यांच्या ध्वनीची जुळणी कंपनीत त्याच केबिनमध्ये बसून, माइक लावून झालेली असते. चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे डेक बनवणारी हार्मनसारखी कंपनी या जुळणीवर जेवढा वेळ घालवते तेवढा आपल्या दुकानात कुणालाच देता येणार नाही. हे सगळं उपयोगाचं आहे ते मधल्या गाड्यांना : ज्यांच्यात स्क्रीन चांगला आहे, पण मागे चार साधे स्पीकर आहेत.

आता करंट. सोलापुरात, आणि सगळीकडेच, सर्वांत धोक्याची आळशी कामं इथेच होतात.

समजा ॲम्प खरा 450 वॉट आरएमएसचा आहे आणि क्लास-डी आहे, म्हणजे खाल्लेल्या विजेपैकी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आवाजात बदलतो. पूर्ण जोराला तो चाळीस अँपिअरच्या आसपास करंट ओढणार. बॅटरी पुढे, ॲम्प मागे, मध्ये पाच मीटर वायर. घराच्या फिटिंगला लागते ती अडीच एमएमची तांब्याची वायर टाकली तर एवढ्या करंटला तिच्यात सव्वा-दीड व्होल्ट मरतो आणि वायरीतच पन्नासहून अधिक वॉट उष्णता तयार होते. म्हणजे दुकानातल्या 25 वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्न कार्पेटखाली चालू ठेवून गाडी चालवण्यासारखं. आठ गेजची तांब्याची वायर घेतली तर तीच घट चार दशांश व्होल्टवर येते. चार गेजची आणखी बरी. त्यातही एक मेख आहे. बाजारातल्या स्वस्त किटमधली वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ती तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच करंट त्याच सुखाने नेते. प्लॅस्टिकचं आवरण जाड ठेवून ती फुगवलेली असते, हाताला भरदार लागते. तुकडा कापून टोक ब्लेडने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. एवढं दुकानातच, पैसे देण्याआधी करून पाहावं.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. ॲम्पवर फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, असं विचारणारे भेटतात. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी असतो, बॅटरीजवळचा वायरीसाठी. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी बूच नसेल तर इंजिनच्या थरथरीने आवरण घासत जातं, आणि एक दिवस तांबं थेट बॉडीला लागतं. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर तो उडतो आणि गाणं बंद पडतं. नसेल तर बॅटरी आपला सगळा करंट त्या वायरीत ओतते आणि वायर पेट घेते. गाडीला आग लागल्याच्या प्रकरणांत बाहेरच्या फिटिंगकडे पहिला संशय जातो तो उगीच नाही. कामाच्या वेळी तिथे उभं राहा. बॉनेट उघडून फ्यूजचा डबा आणि पत्र्यातलं बूच या दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

अर्थिंगचं काम कुणाला महत्त्वाचं वाटत नाही. सीटबेल्टच्या किंवा दुसऱ्या एखाद्या बोल्टखाली वायर दाबून मोकळं होण्याची पद्धत आहे. रंग घासून उघड्या पत्र्यावर, स्वतंत्र बोल्टने, धन वायरीइतक्याच जाडीची आणि दोन फुटांच्या आतली वायर हवी. रंगावर बसवलेल्या अर्थने ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, आणि मग बिचारा ॲम्प बदलला जातो. नव्या गाड्यांत आणखी एक खबरदारी : बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो, विशेषतः सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत. अर्थ थेट त्या टोकावर जोडला तर सेन्सरला ॲम्पचा करंट दिसतच नाही आणि गाडी बॅटरीचा हिशेब चुकवते. अर्थ बॉडीलाच द्यावा. इलेक्ट्रिक गाड्यांत बारा व्होल्टची वेगळी लहान बॅटरी असते. काम तिच्यावरच आणि कंपनीला विचारून. नारिंगी आवरणाच्या केबलच्या वाटेला कुणीही जाऊ नये. तसंच सीटखालच्या पिवळ्या कपलरच्याही, ते एअरबॅगचे.

छोट्या गाडीचा ऑल्टरनेटर साधारण साठ ते नव्वद अँपिअरचा, तोही इंजिन वेगात असताना. मे महिन्यात एसी पूर्ण, पंखा पूर्ण, रात्र असेल तर दिवे, आणि सात रस्ता चौकातल्या सिग्नलला इंजिन आयडलवर. अशा वेळी ॲम्पला द्यायला फारसं काही उरत नाही, आणि पेट्रोल हॅचबॅकची 35 एएचची बॅटरी तूट भरते. गाणं सलग पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी ओढ तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि निभावतं. पण हजार वॉटच्या गप्पा या बॅटरीवर करू नयेत. दोन-तीनशे आरएमएसपर्यंत मूळ बॅटरी-ऑल्टरनेटर पुरतो. हॅचबॅकला त्याहून जास्त लागतही नाही.

ऊन हा सोलापूरचा स्वतःचा विषय. एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जातो. अशा दुपारी सावलीविना उभी केलेली बंद गाडी आतून साठ अंशांच्या पुढे तापते. ॲम्प आपली उष्णता हवेत सोडतो. भोवतीची हवाच साठची असेल तर हीटसिंक लवकर मर्यादा गाठतो आणि ॲम्प स्वतःला बंद करतो. लोक म्हणतात खराब निघाला. तो खराब नसतो, डिकीत एसी पोचत नसतो. सेडानच्या डिकीत, कार्पेटला चिकटवून, वर बॅगा रचून ठेवलेला ॲम्प आमच्याकडे टिकत नाही. समोरच्या सीटखाली मात्र एसीचा गारवा खाली उतरतो, म्हणून छोटा क्लास-डी ॲम्प तिथे बसवावा. बसवताना मागच्या प्रवाशांसाठीचं एसीचं डक्ट आणि सीट पुढेमागे करायचा मार्ग मोकळा ठेवावा, आणि तळापासून बोटभर उंच, म्हणजे गाडी धुताना पाणी लागणार नाही. जुन्या पद्धतीचा क्लास-एबी ॲम्प आवाजाला कितीही गोड म्हणा, तो जवळजवळ अर्धी वीज उष्णतेत घालवतो. पुण्या-मुंबईत चालेल, इथे नको.

उन्हाचा दुसरा मार बसतो दरवाज्यातल्या डॅम्पिंग शीटवर. दरवाज्याचा पत्रा खडखडू नये म्हणून आत ती चिकटवतात, आणि हे काम खरोखर करण्यासारखं आहे. स्पीकर न बदलताही फरक कळतो. पण डांबराची स्वस्त शीट आमच्या उन्हात मऊ होते, वास मारते आणि घसरून खाली येते. ब्यूटिलचीच हवी. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोकं असतात, ती शीटने बुजवू देऊ नयेत.

जागेचं म्हणाल तर सीएनजीने अर्धा निर्णय करूनच टाकला आहे. सिलिंडर डिकीत बसला की पेटीला जागा कुठे? टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोजला दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून डिकी मोकळी केली, डिकीत मोठा सिलिंडर असलेल्या गाड्यांत मात्र सीटखालचा सब हाच मार्ग. आणि सिलिंडरजवळून, गॅसच्या नळीला बांधून ॲम्पची वायर नेलेली दिसली तर ते काम तिथेच थांबवावं. जागा असणाऱ्यांनी सुताराकडून पेटी करून घ्यावी. बंद पेटी लहान, आटोपशीर आणि ढोलकी-तबल्याला स्वच्छ. भोकाची पेटी मोठी आणि जास्त जोराची. दहा इंची सबला पाऊण घनफुटाच्या आसपासची, अठरा एमएम प्लायची बंद पेटी, पट्ट्याने तळाला घट्ट बांधलेली. सुटी पेटी अपघातात सीटवर आदळते.

फिटिंग झाल्यावरचा अर्धा तास सगळ्यांत मोलाचा असतो आणि तोच वाचवला जातो. गेन हा व्हॉल्यूम नव्हे. डेकच्या सिग्नलशी ॲम्पची सांगड घालणारा तो स्क्रू आहे. योग्य रीत अशी : सबची वायर काढून ठेवायची, टोन सपाट, डेकचा आवाज पाऊणावर, मोबाइलवरून 50 हर्ट्झचा सलग सूर लावायचा, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टोकांवर धरायचा. किती व्होल्ट हवेत ते वॉट गुणिले ओम आणि त्याचं वर्गमूळ. 150 वॉट आणि चार ओमला साडेचोवीस. काटा तिथे आला की गेन सोडून द्यायचा, पुन्हा हात लावायचा नाही. मग लो-पास, म्हणजे वरचे सूर सबकडे जाऊ न देणारा फिल्टर, 80 हर्ट्झच्या आसपास. शेवटी फेजचं बटण : ड्रायव्हरच्या सीटवर बसून, दोन्ही बाजूंना एकच गाणं, ज्या स्थितीत ढोल पुढून, डॅशबोर्डकडून वाजल्यासारखा वाटतो ती ठेवायची. मागे डिकीत कुणीतरी पत्रा बडवतंय असं वाटलं तर फेज उलटी आहे, नाही तर लो-पास जास्त वर आहे. मल्टिमीटर प्रत्येक वायरमनकडे असतो. तो काढायला लावणं आपल्या हातात आहे.

काय आधी करावं? माझा क्रम असा : दरवाज्याला ब्यूटिल, मग सीटखालचा सब, आणि वर्षभर ऐकून हौस उरली तर चार चॅनलचा ॲम्प दरवाज्यांना. चार चॅनलचा खरा फायदा जोराचा नाही. त्यातल्या हाय-पासने दरवाज्याच्या स्पीकरवरचं बेसचं ओझं उतरतं आणि गायकाचा आवाज मोकळा होतो. स्पीकर आधी बदलून मग डेकच्या पंधरा वॉटवर वाजवण्यात पैसे सर्वांत जास्त वाया जातात.

बिल पक्कं घ्यावं. विमा कंपनीला ही वस्तू कळवली आणि तिच्या किमतीच्या साधारण चार टक्के जादा हप्ता भरला तर आयएमटी-24 या कलमाखाली तिला संरक्षण मिळतं. न कळवलेला ॲम्प चोरीला गेला तर काही मिळत नाही, आणि शॉर्टसर्किटच्या दाव्यात तो आपल्याच अंगावर येतो.

राहिला बाहेरच्यांचा प्रश्न. मिरवणुकीतल्या डॉल्बीवरून सोलापुरात लोक कावलेले आहेत, त्या रागात गाडीतला सब सरसकट ओढू नये. बंद काचेतला पन्नास-पंच्याहत्तर वॉटचा बेस शेजारच्या गाडीलाही कळत नाही. काचा उतरवून, डिकी उघडून चौकात वाजवणारे मात्र कायद्याच्या कक्षेत येतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला उघड्यावर बंदी आहे. पण या नियमांचं मोजमाप डीबी-ए या पट्टीवर होतं, आणि ती पट्टी 50 हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षापेक्षा तीस डेसिबल कमी धरते. म्हणजे घराच्या खिडक्या थरथरतात, छातीत ठोका बसतो, आणि मीटरवर आकडा मामुली दिसतो. खोल बेसचं वेगळं मापन नियमात आल्याशिवाय तक्रारदाराला न्याय मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिल्ह्यातला खरा काळजीचा विषय गाड्या नाहीत, ट्रॅक्टर आहेत. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने या जिल्ह्यात. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, आणि मडगार्डवर, टपावर भोंगे-वूफर बांधलेला टेप. मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही. त्याला दोष देऊन भागत नाही. रात्रीची झोप उडवायला त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. पण उघड्या ट्रॅक्टरवर केबिन नाही, त्यामुळे बेसला फुकट मिळणारा जोर तिथे मिळत नाही, कितीही वूफर चढवले तरी खालची पट्टी हवेत विरते. इंजिनचाच आवाज त्याच्या कानाशी नव्वद डेसिबलच्या आसपास. त्यावर गाणं ऐकू यायचं तर शंभराकडे जावं लागतं, आणि अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या मापाने शंभर डेसिबल कानाने दिवसाला पंधरा मिनिटंच सोसावेत. हा माणूस रात्रभर सोसतो. त्याच्यासाठी वूफर उतरवून दोन साडेसहा इंची स्पीकर टपाच्या आतल्या बाजूला, डोक्यामागे वीतभर अंतरावर, कानाच्या रोखाने बसवले तर पंधरा-वीस वॉटांत त्याला गाणं नीट ऐकू येतं. अंतर अर्धं केलं की सहा डेसिबल मोफत मिळतात, तेवढा व्हॉल्यूम खाली आणता येतो. हे काम गावातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करू शकतो. गाळपाआधी ट्रॅक्टरचे करार होतात आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावले जातात. त्याच वेळी कारखान्यांनी हे करून द्यावं.